परत केलेला आवाज

चादरीची घडी अर्ध्यावरच राहिली होती. एक टोक घडीकाकांच्या हनुवटीखाली, एक हातात, आणि उरलेली दोन जमिनीला लागू नयेत म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. गिऱ्हाइकांच्या चादरी ते इस्त्रीच्या टेबलावर पसरून झटक्यात मिटत. ही मात्र घरची, स्वतःच्या पलंगावरची. ती कायम दोघांनी चार टोकं धरून मिटली होती, आणि एकट्याने मिटायची रीत त्यांना अजून सापडली नव्हती.

तेवढ्यात भाची आली. वकिलाच्या कचेरीत काम करणारी, बहिणीची थोरली. तिने पर्स बाजूला ठेवली आणि काही न बोलता खुर्चीवरची दोन टोकं उचलली.

"ताणून धरा, मामा. मामीने ही घडी बघितली असती तर आपल्या दोघांना घराबाहेर काढलं असतं."

"मला नसतं काढलं," घडीकाका म्हणाले. "इस्त्री कोणी केली असती?"

भाची हसली. काकाही हसले, पण त्यांचं हसू ओठांवरच विरलं. आज तिला त्यांनीच बोलावून घेतलं होतं. एक पत्र लिहून हवं होतं.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या असा त्यांचा संसार. काका इस्त्री करायचे, बायको घड्या घालायची आणि गठ्ठे बांधायची. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीबाई म्हणे. त्या टाचण्यांमागे या घराचा एक नेम होता. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल, मग ते नाणं असो, किल्ली असो की कुणाची चुरगळलेली चिठ्ठी, ते कागदाच्या पुडीत घालून त्याच कपड्याला टाचायचं आणि त्याच दिवशी घरपोच करायचं. दुसऱ्याची वस्तू रात्रभर घरात ठेवायची नाही. बाई म्हणायची, "देवाला हात जोडताना ते रिकामे असावेत, दुसऱ्याचं काही मुठीत नसावं." काका तर मुळातच नाकासमोर चालणारे. त्यांना हे सांगावंसुद्धा लागलं नाही.

शेवटच्या काही वर्षांत बाईला एक नाद लागला. कॉलर कशी दाबायची, शाईचा डाग कसा घालवायचा, गोल टोकांच्या चादरीची चौकोनी घडी कशी घालायची, हे ती फोनवर चित्रित करून इंटरनेटवर टाकू लागली. काका फोन धरायचे आणि ती बोलायची. शिकवता शिकवता नवऱ्याची फिरकी घ्यायची. "यांची इस्त्री गरम आणि डोकं थंड आहे, म्हणून आमचं चाललंय. उलट असतं तर कपडेही गेले असते आणि मीही." बघणारे फार नव्हते, पण जे होते ते तिची वाट बघत.

आणि मागे रेडिओ. पहाटेची प्रार्थना झाली की बाई रेडिओ लावायची, तो दुकान बंद होईपर्यंत चालू. तो बंद असला तर तिला इस्त्रीची वाफसुद्धा मुकी वाटायची.

मग ती आजारी पडली, आणि दुखणं ओळखू येईपर्यंत गेलीसुद्धा. पाठोपाठ तिचा फोनही बिघडला. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "आतलं सगळं पुसावं लागेल, चालेल का?" काका म्हणाले, "पुसा. तिचं सगळं इंटरनेटवर आहे." त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे कधी बंद न होणारं गोदाम होतं. रोज दुकान मिटलं की ते एक व्हिडिओ लावायचे. दोन ताटांऐवजी एक ताट घ्यायचं आणि समोर तिचं बोलणं ठेवायचं. घास उतरायचा तो त्या आवाजाच्या जोरावर.

अशात एक सूचना आली. एका संगीत कंपनीचं म्हणणं होतं की शाईच्या डागाच्या व्हिडिओत आमच्या मालकीचं गाणं वाजतं आहे. भाषा कोर्टाच्या समन्सासारखी. काकांनी ती दोनदा वाचली आणि मान खाली घातली. गाणं तर वाजतच होतं. आपलं नव्हतं, हेही खरं. इतकी वर्षं आपण दुसऱ्याची वस्तू घरात बाळगली आणि आपल्याला पत्ताही नाही.

त्या दिवशी त्यांनी इस्त्री लावलीच नाही. एकेक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, कशात गाणं आहे ते तपासायला. बाई बोलत होती, हसत होती, "अहो, फोन सरळ धरा, माझं नाक वाकडं दिसतं" म्हणत होती, आणि तिच्या मागे बहुतेक सगळ्यांत रेडिओ. ऐकून झाला की काका 'कायमचे काढून टाका' हे बटण दाबत. फोनने दर वेळी विचारलं, नक्की का? दर वेळी त्यांनी हो म्हटलं.

आता चादर मिटून झाली होती. काकांनी ती कपाटात ठेवली आणि भाचीसमोर बसले.

"पत्र त्या गाणंवाल्या कंपनीला लिहायचं," ते म्हणाले. "नम्रपणे लिही. म्हणावं, तुमची वस्तू आम्ही त्याच दिवशी परत केली, आपणहून केली. पोच आली नाही, त्याबद्दल तक्रार नाही. आता तुमचं गाणं तुम्ही काढून घ्या, आणि त्यावर आमच्या माणसाचं बोलणं आहे, तेवढं आम्हाला द्या."

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मामा, परत केलं म्हणजे काय केलं तुम्ही?"

"काढून टाकलं."

"कोणते?"

"सगळे. ज्यात ज्यात त्यांचं होतं ते."

"आणि आधी उतरवून कुठे ठेवलेत?"

काकांचा चेहरा जरा उतरला. "वस्तू परत करायची आणि नक्कल घरात ठेवायची? मग चोरी आणि परत करणं यात फरक काय राहिला?"

खिशातून निघालेली किल्ली मालकाकडे जाते, हे त्यांना माहीत होतं. आपल्याकडून निघालेली वस्तू कुठेच जात नाही, जागच्या जागी नाहीशी होते, असलं काही त्यांच्या धंद्यात आजवर घडलं नव्हतं. इतके दिवस ते असंच धरून चालले होते की कंपनीच्या एखाद्या फळीवर बायकोचा गठ्ठा नाव लावून ठेवलेला असेल. कोणीतरी भला माणूस तो सोडून देईल.

भाचीने हे हळूहळू उलगडून सांगितलं. घाईघाईने सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"मामा, ते कंपनीकडे गेलं नाही. ते कुणाकडेच गेलं नाही. पुसलं गेलं."

काकांनी टेबलावरचं जाड कापड जवळ ओढलं.

"आणि सूचना एकाच व्हिडिओची होती. गाणं त्यांचंच, त्यात वाद नाही. पण तुम्ही ते विकायला नव्हतं लावलं, ते मागे रेडिओवर वाजत होतं. अशा वेळी हरकत घेता येते. ती मान्य झाली असती की नाही, हे मी छातीठोकपणे नाही सांगत, पण विचारता आलं असतं. नाहीतर नुसता गाण्याचा भाग मुका करायची सोय असते."

"आणि तिचं बोलणं?"

"ते त्यांनी मागितलंच नव्हतं. मामीने शिकवलेलं मामीचं. तिच्यामागे तुमचं."

बराच वेळ काका टेबलावरच्या जाड कापडाची सुरकुती हाताने सपाट करत राहिले. सुरकुती केव्हाच गेली होती. मग म्हणाले, "म्हणजे त्यांचं द्यायला गेलो आणि आपलंच देऊन बसलो."

भाचीने कागद पुढे ओढला. तिने पत्र लिहिलं. कंपनीला लिहिलं आणि त्या व्हिडिओवाल्यांनाही लिहिलं. मायेचं माणूस समोरच्याच्या आशेला लगाम घालत नाही, आणि काका तर देवापुढे रोज तेच एक मागत होते. मोठं काही मागत नव्हते. मेलेलं माणूस नाही, फक्त त्याची बडबड.

उत्तरं आली. व्हिडिओवाल्यांनी कळवलं की वापरणाऱ्याने स्वतः कायमचं काढलेलं परत आणता येत नाही. कंपनीचं पत्र तर सभ्य होतं. सहकार्याबद्दल आभार, आमच्याकडे आपल्या व्हिडिओची कोणतीही प्रत नाही, प्रकरण बंद. काकांनी ते 'आभार' दोनदा वाचलं. ज्या पोचेची ते वाट बघत होते ती ही होती.

उरला होता एकच व्हिडिओ. वीज गेल्यामुळे त्या दिवशी रेडिओ बंद होता, म्हणून तो काढायची वेळ आली नव्हती. भाचीने तो उतरवून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवला. त्यात बाई गठ्ठा बांधते आहे. काकांचा स्वतःचा आवाज येतो, "अगं, बोल की काहीतरी." बाई वर बघते, डोळ्यांनी हसते आणि तोंडाकडे बोट दाखवते. तोंड टाचण्यांनी भरलेलं. "हं," एवढंच म्हणते आणि पुन्हा गाठ मारायला लागते.

आता ताटासमोर काका ते 'हं' लावतात. घास घेण्याआधीच ते संपतं.

गेल्या खेपेला भाचीनेच आठवण करून दिली. "मामीला टाइप करायचा कंटाळा होता ना? कपडे तयार झाले की ती गिऱ्हाइकांना फोनवर बोलून, आवाजाचाच निरोप धाडायची. तुम्हाला नसेल धाडला."

"मला कशाला धाडेल? मी टेबलाच्या पलीकडेच तर उभा असायचो."

"मग त्यांच्या फोनमध्ये असेल. मागा."

"दिलेलं परत कसं मागायचं? ते आता त्यांचं झालं."

"मामा, हे कपड्यासारखं नाही. त्यांचं त्यांच्याकडे राहतं आणि तुमच्याकडेही येतं. कुणाचं काही कमी होत नाही."

काकांनी यावर मान हलवली खरी, पण ते वाक्य त्यांना फार लागलं. कुणाचं काही कमी होत नाही. मग त्या दिवशी निदान तिच्या बोलण्याची एक नक्कल ठेवली असती, तर कुणाचं काय कमी झालं असतं? हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. देवालाही नाही. देवाला दोष द्यायला त्यांना जमत नाही, आणि स्वतःला द्यायला आता शब्द उरले नाहीत.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारून पाहिलं. त्यांच्या दोन सदऱ्यांचा गठ्ठा देताना, दारातच उभं राहून, अंगाला घाम फुटेपर्यंत शब्द जुळवून. डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन उघडला, खूप मागे गेल्या, आणि मग त्यांचा हात थांबला. जुने निरोप फोन आपोआप पुसतो म्हणाल्या. "काका, मला माहीत असतं तर..." काकाच म्हणाले, "असू द्या. सदरा थंड झाल्यावर टांगा, कॉलर बसेल."

आज शिंपीणबाईंचे पडदे तयार आहेत. एका पडद्याच्या दुमडीत सुई राहिली होती. ती काकांनी कागदाच्या पुडीत घातली, टाचणी तोंडात धरली, दोन्ही हातांनी कापड सारखं केलं आणि पुडी वरच्या कोपऱ्याला टाचली. शिंपीणबाई जुनं काही फेकत नाहीत, चिंधीसुद्धा नाही. त्यांच्या फोनमध्ये निरोप असतीलही, नसतीलही. काकांनी इस्त्री बंद केली, रेडिओ चालू ठेवला आणि दाराला कुलूप लावलं. आता शिंपीणबाईंकडे जायचं, पडदे आणि सुई द्यायची, आणि विचारायचं.