पहिल्या फेरीला घरचं माणूस

आदरणीय केशवरावजी मिस्त्री यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक भांडण होतं. मी तेव्हा आर्वी-वर्धा जीप चालवत असे. ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावरच लागत. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावातल्या त्यांच्या गॅरेजात जाऊन म्हटलं, "जरा पाहून द्या, सवाऱ्या खोळंबल्या आहेत." त्यांनी पायडल एकदा दाबलं, चावी काढली आणि खिशात घातली. "सवाऱ्या एसटीनं जातीन. तू चहा घे." मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आणखी एक चहा सांगितला. महिनाभरात मी जीप सोडून त्यांच्या हाताखाली लागलो!

त्यांच्या गॅरेजात एक रीत आहे. ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्याच्या घरचं माणूस पहिल्या फेरीला गाडीत बसलं पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या कामाला त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पंचवीस-तीस वर्षं बसत आल्या, कधी कधी तर मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. गिऱ्हाइकं हसतात. पण गिऱ्हाइकाच्या घरीही माणसं असतात, एवढंच मिस्त्रीजींचं म्हणणं.

यंदा पवनारच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी वडिलांची काळी मोटार आणली. काय देखणी गाडी! गोल दिवे, पातळ स्टिअरिंग. पण वीस वर्षं गोठ्यात उभी. पुढची स्प्रिंग बसलेली, सांध्यांतले बुश झिजलेले, ब्रेकची रबरं दगड झालेली. मी तर पाहूनच नाचायचा बाकी होतो. मिस्त्रीजींचे हात आता थरथरतात. ते म्हणाले, "पुढचं सारं अन् ब्रेक, तूच करजो. मी हात नाई लावत." इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी असं काम पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं.

पुढचा भाग मी जीव ओतून केला. नवे बुश, नवी स्प्रिंग, चाक हलवलं तर तसूभर खडखड नाही. आणि मग, घाई! नवी ब्रेकची रबरं मी सवयीनं पेट्रोलमध्ये धुऊन बसवली. पेट्रोलनं रबर फुगतं आणि ऐनवेळी ब्रेक दगा देतो, हे मिस्त्रीजींनी मला शंभरदा सांगितलेलं. आठवलं तेव्हा चाकं चढली होती. फुगलं तर पाहू, असं मनाशी म्हणून मी गप्प राहिलो. आज लिहितानाही लाज वाटते.

फेरीच्या सकाळी माझी बायको मालती नवी साडी नेसून आली आणि हसत पुढच्या सीटवर बसली. माझा हात चावीवरून उठला. "मालती, उतर खाली," मी म्हणालो, आणि मिस्त्रीजींना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पाना उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "चारही चाकं खोल."

नागपूरहून पुन्हा रबरं आणली. या वेळी प्रत्येक रबर ब्रेक ऑइलनंच पुसलं, लाइनमधली हवा काढली, पायडल पहिल्याच दाबाला घट्ट लागलं. मालती पुन्हा आली. मिस्त्रीजींनी तिला हातानं थांबवलं. "तू थांब बाई. आज मी बसतो."

"पण रीत घरच्या माणसाची आहे, मिस्त्रीजी."

"मंग? मी तुह्या घरचा नाई का बे?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धाम नदीच्या उतारावर मी गाडी सोडली आणि ब्रेक दाबला. अहो, काय सांगू! डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ जागच्या जागी उभी! मी आनंदानं ओरडलो आणि शेजारी पाहिलं, तर मिस्त्रीजींचे डोळे मिटलेले. मी त्यांना हलवून विचारलं,

"घाबरले का हो?"

"घाबरतो कायले? डोळा लागला होता," ते म्हणाले. "चाल, आणखी एक फेरी मार."

मिस्त्रीजी, तुम्हाला खणखणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो. मी यापुढे जेवढे ब्रेक बसवीन, त्या प्रत्येकाची पहिली फेरी तुमच्याशिवाय निघणार नाही. तेव्हा तुम्हाला बसायला यावंच लागेल.