डावा गाल

त्यांना सगळे टचिंगमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जाड पडद्याआड बसून लोकांचे चेहरे सारखे करणं हे त्यांचं काम, आणि ते करता करता डोक्यावरच्या काळ्याचे पांढरे झाले, म्हणून मास्तर.

काम मोठं चिवट. समोर उतरतं मेज, त्यात दुधी काच, काचेखाली दिवा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्या मंद, चकाकी नसलेल्या बाजूवर पेन्सिल धरावी म्हणून थोडं औषध चोळायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ठिपके देत बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. गोरं ते काळं, काळं ते उजळ. डोळ्याखालची वर्तुळं तिथे चमकतात. ती पेन्सिलीने भरून टाकली की छापलेल्या फोटोत माणूस शांत झोपून उठल्यासारखा दिसतो. देवीचे व्रण, मुरमं, कपाळावरच्या आठ्या, सगळं मास्तरांच्या पेन्सिलीखाली गुपचूप नाहीसं होई. स्टुडिओचे मालक गिऱ्हाइकांना सांगत, तोंड देव देतो, पण फोटो आमचे मास्तर देतात.

एकदा एका नवऱ्यामुलाची आत्या भांडायला आली होती. मुलगी फोटोसारखी नाही, फसवलंत आम्हाला, म्हणाली. मास्तर पडद्याआडून शांतपणे म्हणाले, "फोटो मुलीसारखा हवा असता तर तो माझ्याकडे आलाच नसता, बाई." आत्याबाई हसल्या आणि भांडण तिथेच मिटलं. लग्नही झालं म्हणतात.

पुढे कॉम्प्युटर आले, मग फोन आले. चेहरा सारखा करायला कुणाकडे जायची गरज उरली नाही. मास्तर घरी बसले ते तक्रार न करता. डोळेही दमलेच होते. घरात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. आणि भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी, मास्तरीणबाई.

मास्तरीणबाई जाऊन फार वर्षं झाली. मुलगा पाटी-दप्तराच्या वयाचा असताना एका तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो मात्र एवढा एकच. लोकांना नवल वाटे. चांभाराच्या बायकोच्या पायात चप्पल नसते, तसलंच काहीतरी, असं म्हणून मास्तर विषय बदलत.

एका रविवारी जेवणं उरकल्यावर नात फोन घेऊन आली. "आजोबा, डोळे मिटा," म्हणाली. मास्तरांनी मिटले. उघडले तेव्हा हातात फोन होता आणि फोनमध्ये भिंतीवरचा फोटो. त्यांना वाटलं, पोरीने फोटोचा फोटो काढला. एवढ्यात मास्तरीणबाईंनी पापणी लववली. मग आतल्या खोलीतून कुणी हाक मारावी तशी त्यांनी मान वळवली, पुन्हा समोर पाहिलं आणि दात दाखवून छान हसल्या.

मुलगा खुर्चीच्या मागे उभा राहून बघत होता. एवढा मोठा माणूस, पण बाहीने डोळे पुसायला लागला. सुनेने सासूला कधी पाहिलं नव्हतं. तीही हळवी झाली. नातीने भिंतीवरच्या फोटोवरून फोनकडून बनवून घेतलेला तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तशी दिवसभर एकामागून एक माणसं लिहीत राहिली. अगदी जिवंत. अगदी तशीच. मास्तरांची धाकटी बहीण दूरगावी असते. तिने लिहिलं, वहिनी भेटून गेली.

मास्तरांनी फोन परत दिला. मग चहाच्या वेळी कप खाली ठेवून म्हणाले, "ती अशी हसत नसे. आणि तिच्या गालावर डाग होता."

"कसला डाग?" मुलाने विचारलं.

"जन्मापासूनचा. अंगठ्याएवढा, काळपट."

मुलगा भिंतीकडे बघून म्हणाला की त्याला असं काही आठवत नाही. त्याच्या आवाजात शंका नव्हती, काळजी होती. बाबांचं वय झालंय, असली काळजी. मास्तरांनी स्वतःच्या गालाकडे बोट नेलं, कुठे होता ते दाखवायला. आणि बोट हवेतच थांबलं. डावा की उजवा?

यात मास्तरांच्या धंद्याचा दोष होता. टचिंग करायचं ते निगेटिव्हच्या मंद बाजूवर, आणि त्या बाजूने चेहरा आरशातल्यासारखा उलटा दिसतो. डावं ते उजवं. जन्मभर त्यांनी माणसं अशी उलटीच पाहिली. बायकोलाही त्यांनी सर्वांत जवळून, सर्वांत जास्त वेळ पाहिलं होतं ते त्याच काचेवर. समोरासमोर पाहायला वेळ पुष्कळ आहे असं तेव्हा वाटत होतं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मालकांनी हौसेने तिचा फोटो काढला होता. नव्या वहिनींना आमच्याकडून भेट, म्हणाले. मास्तरांनी ती निगेटिव्ह दुसऱ्या कामांना हात न लावता पुरी दुपार घेऊन केली. सवयीने हात चालले. डाग दिसला, डाग भरला. त्यात काही विचार केला होता असंही नाही. सुताराला खिळा वर आलेला दिसला की तो ठोकतो, तसं. फोटो इतका सुरेख आला की मालकांनी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायला मागितला. मास्तरांनी तो चौकटीत घालून घरी आणला आणि बायकोच्या हातात दिला.

तिने बराच वेळ पाहिला. मग ओठ एका बाजूला ओढून हसली आणि म्हणाली, "छान आहे. हिच्याशीच करायचं होतं ना लग्न."

मास्तर खूश होऊन हसले. त्यांना ती कामाची तारीफ वाटली.

फोटो भिंतीवर तिनेच लावला, पुसतही तीच असे. पण पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसली नाही. मुलाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढायला स्टुडिओत गेले तेव्हा मालकांनी तिला मुलाला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. तिने मूल खुर्चीत ठेवलं आणि बाजूला सरकली. "मी नको. ह्यांना उगाच काम पडेल," म्हणाली. सगळे हसले. त्या वाक्याचा अर्थ मास्तरांना ती गेल्यावर लागला, आणि तेव्हा तो ऐकवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावला. तिला डाग आठवत होता. "होता की. उजव्या गालावर ना, दादा?" असं ती म्हणाली आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. फोन ठेवल्यावर मास्तर भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. उजव्या? मुलाला आठवत नाही, बहिणीला धड आठवत नाही, आणि भिंतीवर जी आहे ती त्यांच्याच पेन्सिलीची. ती खरी कशी होती हे जगात आता फक्त आपल्याच डोक्यात आहे, आणि तिथेही घोटाळा झाला आहे, हे त्यांना लख्ख कळलं. चपला घालून ते निघाले.

स्टुडिओच्या जागी आता फोनची कव्हरं आणि काचा विकायचं दुकान होतं. मालकांची मुलगी ते चालवते. कोपऱ्यात एक पांढरा पडदा आणि स्टूल एवढंच उरलं होतं, ओळखपत्राच्या फोटोंसाठी. मास्तरकाकांना पाहून तिला आनंद झाला. चहा मागवते म्हणाली. मास्तरांनी चहा नको, जुन्या निगेटिव्ह कुठे आहेत ते सांग, म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. बऱ्याच भंगारात दिल्या होत्या. माळ्यावर काही डबे राहिलेत, पण ओल आली होती, काका, म्हणाली.

तिने शिडी लावून डबे स्वतः खाली उतरवले. पहिल्या दोन डब्यांत निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वीट झाली होती. कुणाचा चेहरा कुणाच्या चेहऱ्यात मिसळलेला. मास्तर एकेक ढलपी उजेडाकडे धरत आणि खाली ठेवत. सगळी त्यांच्या ओळखीची माणसं. नावं ठाऊक नाहीत, पण कुणाच्या आठ्या किती खोल होत्या हे ठाऊक. तिसऱ्या डब्याला ओल लागली नव्हती. त्यात तळाशी, तेलकट पातळ कागदात गुंडाळलेली ती निघाली. मालकांनी ती वेगळी जपली होती. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, वहिनी.

मालकांची मुलगी काहीतरी विचारत होती. मास्तरांनी नुसती मान हलवली, निगेटिव्ह वहीच्या दोन पुठ्ठ्यांत घातली आणि छातीशी धरून घरी आले.

पेन्सिल धुता येते. टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हाताने फिरवला की निघून जाते. पण कधी कधी टचिंग करताना ब्लेडने खरवडावंही लागतं, आणि खरवडलेलं परत येत नाही. आपण तेव्हा ब्लेड लावलं होतं का, ते मास्तरांना काही केल्या आठवेना. खिडकीच्या काचेला निगेटिव्ह टेकवून त्यांनी कापसाचा बोळा भिजवला. नात शेजारी उभी होती. तिने विचारलं, मी करू का? मास्तर म्हणाले, नको, हे माझं काम आहे.

पहिल्या बोळ्याला कापूस राखाडी झाला. दुसऱ्याला अजून. मास्तरांनी निगेटिव्ह फिरवून गुळगुळीत बाजू आपल्याकडे केली आणि खिडकीशी धरली. काळ्या चेहऱ्यावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक तुकडा दिसत होता. इथे डाळीच्या दाण्याएवढा. डाव्या गालावर.

"डावा," मास्तर म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच. नातीने पाहिलं, त्यांचा अंगठा आपोआप उठला होता आणि हवेतच त्या जागेवर येऊन थांबला होता.

नातीला वाटलं, आता ही आजी सगळ्यांना दाखवायची. तिने निगेटिव्ह उजेडावर धरून फोनमध्ये फोटो घेतला, रंग उलटे केले. क्षणभर मास्तरीणबाई डागासकट समोर आल्या. आणि मास्तर चष्मा पुसून बघेपर्यंत फोनने फोटो आपणहून सारखा केला. गाल स्वच्छ.

नात चिडली. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. फोनला तो डाग म्हणजे धूळ वाटत होती. मास्तर मात्र चिडले नाहीत. ते फोनच्या पडद्याकडे असे बघत राहिले, जसा एखादा म्हातारा कारागीर नव्या पोराचा हात बघतो. "सवय आहे त्याला," एवढंच म्हणाले.

शेवटी तिने फोनमधलं काय काय बंद करून खरा फोटो मिळवला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ही आमची खरी आजी. यावेळी फार कुणी काही लिहिलं नाही. कुणीतरी विचारलं, निगेटिव्ह खराब झालीय का. मास्तरांच्या बहिणीचा फोन आला. तिने समजुतीने सांगितलं की दादा, बिचारी जन्मभर त्या डागापायी खाली मान घालून वावरली, आता कशाला उघड्यावर आणता, आधीचा किती गोड होता. मुलगा कामावरून आला, नवा फोटो बराच वेळ बघत राहिला. आई ओळखायचा प्रयत्न करत होता बिचारा. मग हळूच म्हणाला, "बाबा, भिंतीवर तोच राहू दे ना. मी त्याच्याशीच बोलत मोठा झालोय."

तो फोटो त्यांनीच तर केला होता. राहू दे, म्हणाले.

त्यानंतर ती निगेटिव्ह खिडकीच्या चौकटीत खोचलेली असे. सकाळचं ऊन त्या बाजूने येई तेव्हा मास्तर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत. एक दिवस नातही स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. कॉलेजला उशीर होत होता तरी बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजी हसायची कशी?"

"ओठ मिटून. एका बाजूला ओढून."

"कुठल्या बाजूला?"

मास्तर निगेटिव्हकडे बघू लागले. पण फोटोत मास्तरीणबाई हसल्याच नव्हत्या. मालकांनी सांगितलं तशा सरळ बसल्या होत्या. मास्तरांनी डोळे मिटले. नातीने त्यांचा हात हातात घेतला.

"चेहरा येतो गं समोर," ते म्हणाले. "डागही येतो. आता हसेल असं वाटतं, आणि तेवढ्यात ती मान वळवते. पोरी, दात दाखवून हसते."

नातीला कळायला क्षणभर लागलं. मग तिने घाईघाईने खिशातून फोन काढला. तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता पुसते, म्हणाली. मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या फोनातून जाईल गं तो."