साखरा आत्याची गिरकी

घंटेच्या किणकिणाटानं डोळा लागत नाही, म्हणून शिवशंकरनं गाभण कबरी शेळीच्या गळ्यातली घंटाच काढून ठेवली आणि मोहाच्या झाडाखाली ताणून दिली. पोलीस भरतीची तयारी करणारा गडी; उठला तेव्हा बाकीच्या शेळ्या होत्या, कबरी गायब.

शेळ्या होत्या साखरा आत्याच्या. किनवटच्या या रानात तिचा जन्म गेलेला. दोन वर्षांमागं कापसाच्या ट्रॉलीवरून ती डोक्यावर पडली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड तडकलंय, डावा कान आता परतायचा नाही. उरलेल्या एका कानाला आवाज कळे, पण तो कुठून येतो ते कळेना. कुणी हाक मारली की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची. पोरांनी नाव पाडलं, भोवरा. पोरांनी म्हणजे शिवशंकरनंच.

"रानात व्याली तर कोल्हे पिल्लासकट खातील रे मुडद्या!" आत्या धावत आली.

तेवढ्यात ओढ्यात 'बेंऽ' झालं. शिवशंकर वरच्या कड्याकडं पळाला, काही नाही. पुन्हा झालं, तो समोरच्या कड्याकडं पळाला. ओढ्याकाठचे ते दोन्ही कडे आवाज परतवून त्याची मजा बघत होते.

"बस कर हुंदडणं. तुझ्या धापेनंच माझा कान भरून राहिला."

आत्यानं डोळे मिटले. उजवा कान पुढं काढून कणाकणानं फिरू लागली. फिरलं की तिला भोवळ यायची. पळसाचं खोड धरून थांबली, ओठ आवळले, पुन्हा फिरली. दहा पावलं चालून पुन्हा तेच. शेवटी शिवशंकरला जिकडून काहीच ऐकू येत नव्हतं, तिकडं खाली उतरली आणि काठावरच्या झाडाच्या लोंबत्या मुळ्यांचा पडदा बाजूला केला. आत कबरी उभी, पायाशी ओलं पिल्लू.

अंगात आलेल्या बाईपुढं जुळावेत तसे शिवशंकरचे हात जुळायला लागले. लाज वाटून त्यानं मान खाजवली.

"आत्या, कसं कळलं गं?"

प्रश्न डाव्या कानाशीच वाया गेला. तो वळसा घालून उजवीकडं आला, पुन्हा विचारलं.

"कुठं हाय ते न्हाई कळत, बाबा. कुठं न्हाई ते कळतं. तेवढं टाकत जायचं." तिनं पिल्लू पदरात घेतलं. "आता एक दिवस डाव्या कानात बोळा घालून माझ्या शेळ्या राखायच्या. कबूल?"

"हाव, कबूल!"

मग मैदानी चाचणी आली, मग सर्दी, मग मामाच्या पोरीचं लग्न. पिल्लाला शिंगं फुटली, तरी तो दिवस शिवशंकरनं अजून काही भरलेला नाही.