मोठी नाव देऊन लहान आणली: तिवशापासून पूर्णेपर्यंत, बंडीनं

उशीर झाला, माफ करा. मागच्या दसऱ्याला मी इथे आमच्या घाटावरच्या नावांबद्दल थोडं लिहिलं होतं. तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की काका, नाव बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, घालून नेली ती हकीकत सांगा, रस्ता कसा होता, खायचं काय केलं. दसरा गेला, होळीही गेली. नातसून म्हणते, तुम्ही सांगा, मी टाइप करते. पण मी चौथी शिकलेला माणूस. सांगितलेलं पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावतो, काही चुकलं का म्हणून जीव खालीवर होतो, आणि तिला घरची कामं असतात.

तुम्ही लोक हल्ली गाडीत बसता, काच वर करता, आणि अमरावती ते मूर्तिजापूर गाणी ऐकत जाता. वर लिहिता, ‘रस्ता छान होता.’ रस्ता तुम्ही पाहिला कुठे? आम्ही पाहिला. बैलाच्या चालीनं, भर वैशाखात, बंडीवर नाव घेऊन.

साल नक्की आठवत नाही. महाराष्ट्र झाला होता, नवे पैसे अंगवळणी पडले होते. आम्ही भोई. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठावर आमचा घाट, आणि बाबांची नाव सगळ्यांत मोठी: बैलजोडी आणि बाजाराची माणसं एका खेपेत पलीकडे. आखाडात नदी फुगली की पश्चिमेचा वारा शिडात भरून नाव आर्वीच्या बाजूला न्यायचा. येताना मात्र हात आणि वल्हं. मग वरच्या अंगाला पूल झाला, एस. टी. आली, बाजाराची माणसं तिकडे वळली. राहिले ते पलीकडे शेत असलेले चार लोक. मोठी नाव ओढायला बाबांच्या खांद्यात जोर उरला नव्हता. लहान नाव हवी होती.

माझा मेहुणा पुंजाजी, मोठ्या बहिणीचा, यमुनाबाईचा नवरा. या माणसाला सगळं माहीत असे. पोहायला येत नसे, पण नदीबद्दल बोलायचा. मूर्तिजापूरच्या उत्तरेला पूर्णेकाठी किसन भोई म्हणून कोणी आहे, त्याला मोठी नाव पाहिजे, तो आपली लहान नाव आणि वर एक नवं जाळं देतो, असं ठरवून हा आला. कुठे ठरवलं? एका लग्नात, पंगतीत. म्हणजे वरणभाताच्या दोन वाढींमध्ये आमच्या नावेचा निकाल लागला.

बाबांनी एकच अट घातली. ती तुम्हाला नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. आमच्यात शीड बाजारातून आणत नसत. घरातल्या बायांची नेसलेली लुगडी जोडून ते शिवायचं. कोरं कापड चालत नसे. वाऱ्यानं माणूस ओळखून घरी आणला पाहिजे, असं जुनी माणसं म्हणत. आमचं शीड मायनं शिवलं होतं, तिच्याच लुगड्यांचं, आणि माय जाऊन दोन पावसाळे झाले होते. शिडाशिवाय नाव घाटावरून हलवायची नाही, हीही रीत, म्हणून ते बरोबर न्यावं लागणार होतं.

“नाव देऊन या,” बाबा मला म्हणाले, “पन शीड घरी आनजो.”

तेव्हापासून शेवटपर्यंत माझा जीव शिडाच्या वळकटीत.

तिवशाच्या रहीमभाईंची लांब बंडी ठरली. धारणीकडून सागाची लाकडं वाहायची सवय, त्यामुळे त्यांना नावेचं काही वाटलं नाही. गावातल्या गड्यांनी उचलून ती कडब्याच्या गादीवर ठेवली. उन्हाळ्यात आम्ही नाव नदीत बुडवून ठेवतो, कारण लाकूड वाळलं की फळ्या आखडतात आणि सांधे उघडतात. म्हणून बाबांनी पोती दिली होती. ती भिजवून नावेवर टाकत जायचं, विहीर दिसली की पुन्हा भिजवायची.

पुंजाजी नावेत चढला, छत्री उघडली आणि बसला.

“खाली उतरा, भाऊजी. बैलांना ओझं,” मी म्हटलं.

“मी हलका आहो,” तो म्हणाला.

तिवशाला हॉटेलात भजी खाल्ली. तेल जळकं होतं, चहात दूध नावापुरतं. तुम्ही गेलात तर तिथून पाणी भरून घ्या, भजी खाऊ नका. पण तुम्ही खालच. नागपूर रस्ता तेव्हाही बरा होता, कडेला कडुनिंब होते. फक्त प्रत्येक पारावर एक शहाणा बसलेला. “काहून बाप्पा, अमरावतीत पूर आला काय?” हे मी अमरावतीपर्यंत इतक्या तोंडांनी ऐकलं की सांगता सोय नाही, आणि प्रत्येकाला वाटे आपणच पहिल्यांदा बोललो. पुंजाजी नावेतून हात हलवायचा, जणू निवडून आला आहे.

अमरावतीतून न थांबता निघून जायचं होतं. पण पुंजाजीला जवाहर गेटजवळ कापड घ्यायचं होतं, यमुनाबाईसाठी लुगडं. बैल उन्हात उभे, पोती वाळून कडक, आणि हा दुकानात गादीवर बसून ठाणामागून ठाण उलगडतोय. अमरावतीचा दुकानदारही तसाच. गिऱ्हाइकाच्या पायाची धूळ पाहून भाव सांगणारा. शेवटी डाळिंबी रंगाचं घेतलं, जरीकाठाचं, आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत सुटला. रहीमभाई तोपर्यंत मशिदीच्या हौदावरून बैलांसाठी पाणी घेऊन आले होते.  मी पुंजाजीला बोललो, पण माझं कोण ऐकतं.

बडनेऱ्याला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी अशी लांब की वाटलं, नागपूर संपेपर्यंत येतच राहणार. फाटकवाला नाव पाहून हसत सुटला.

“हसो मत, भाई,” रहीमभाई म्हणाले. “कभी नाव गाडी पर, कभी गाडी नाव पर.”

“अन तो वरचा साहेब कशावर?” फाटकवाल्यानं विचारलं.

“वो हवा पर है.”

सगळ्या प्रवासात मी तेवढं एकदाच हसलो.

बडनेऱ्याच्या पुढे झाडं संपतात. काळं रान, भेगाळलेलं, आणि ऊन असं की बैलाच्या शिंगाला हात लावला तर भाजावा. पोती मैलभरात वाळत. दुपारी नावेच्या बुडाशी बारीक फट दिसली.  फट पडलेली नाव घेऊन गेलो तर किसन भोई घेणार नाही, आणि परत आणली तर घाट कसा चालणार? पुंजाजीनं शिडाची वळकटी ओढली.

“हे पसरतो. मोठं आहे, सगळी नाव झाकते.”

“मायचं आहे ते.”

“पाण्यानं काय होते बे? शीड पाण्यातच राहते ना?”

हेही खरं. शीड पावसात भिजायचंच. आणि वर तो म्हणाला, “तसंही ते आता आपलं नाही. मी किसनले शिडासकट सांगतलं.”

मी बंडीच्या बाजूनं चालत होतो, तिथेच उभा राहिलो. रहीमभाईंनी बैल थांबवले. मी पुंजाजीला काय काय म्हणालो ते नातसुनेला टाइप करायला सांगणार नाही. त्याचं एकच म्हणणं: “सौदा तुटन नं मंग!” बाबांना विचारलं होतं का? नाही. जावयाला विचारायची काय गरज! पण फट वाढत होती, म्हणून शीड नावेवर पसरावंच लागलं, आणि मी रागानं जेवायला बसलो नाही. भाकरी, ठेचा आणि कांदा होता, तोही पुंजाजीनं माझ्या वाट्याचा खाल्ला.

मूर्तिजापूरकडे आलं की खारपाण पट्टा लागतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथे विहिरीला पाणी असतं पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं गोड पाणी लोक लांबून आणत. एका गावात आम्ही विहिरीवर बादली मागितली. पाणी भरणारी बाई आधी नावेकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिली.

“कोनाले पाजता?”

“नावेला.”

“अगं माय! इथं मानसाले गोड पानी भेटत नाही अन हे लाकडाले पाजून राहिले!” मग म्हणाली, “घ्या बाप्पा, विहीरभर घ्या. हे कोनी पीत नाही. तुमच्या नावेले चालते तं आमच्या विहिरीची सोय झाली.”

आम्ही घेतलं. त्या गावी घेतलं, पुढच्या गावी घेतलं, दिवसातून कितीदा तरी शिडावर ओतलं. नावेची फट मिटली. पुंजाजी म्हणाला, पाह्य, माझी अक्कल. शिडावर पांढरी पुटं चढत होती. मला ती धूळ वाटली. आम्ही गोड्या नदीची माणसं. पाणी म्हणजे पाणीच असतं, असं समजणारी. समुद्रकाठचा कोणी असता तर निदान चाखून पाहिलं असतं.

पूर्णेकाठी पोचलो. किसन भोई चांगला दणकट, नाव पाहून खूश. शीड गुंडाळून बाजूला ठेवलं, नाव पाण्यात लोटली. थेंबभर पाझरली नाही. त्यांची लहान नावही पाहिली, बांधणी बरी होती, नाक जरा आखूड. मग किसन भोई शिडाला हात घालायला गेला आणि मी त्याच्यावर जाऊन बसलो. खरंच बसलो, वळकटीवर, मांडी घालून.

“जवायानं शब्द देला,” किसन म्हणाला.

“शब्द त्याचा, शीड आमचं.”

“मंग नाव घेऊन जा माघारी.”

पुंजाजी नदीकडे तोंड करून उभा. आता त्याला नदीत काहीतरी दिसू लागलं होतं. एवढ्यात किसनची बायको डोक्यावर शेणाची पाटी घेऊन आली. पाटी ठेवली, हात धुतले आणि मला म्हणाली, “ऊठ, पाहू दे.” मी उठलो. तिनं शिडाचा पदर उलगडला, शिवण बोटानं चाचपली.

“हे कोनाचं लुगडं व्हय?”

“मायचं.”

“जिती हाये?”

“नाही.”

तिनं शीड पुन्हा गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. नवऱ्याकडे वळली. “दुसऱ्याची मेलेली माय तुमाले पुरातून घरी आनन का? ती काय देनं लागते तुमचं? नाव ठेवा. शीड मी शिवतो.”

“कशाचं शिवतं?” किसन म्हणाला.

“माह्या लुगड्याचं. मंग तरी सरळ घरी यान.”

किसननं नावेचा दोर खुंटीला बांधला. सौदा झाला. तिनं आम्हाला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि गोड पाणी दिलं, तांब्यात मोजकं. अमरावतीच्या साऱ्या हॉटेलांपेक्षा बरं जेवण, आणि त्यासाठी कुठे पाटी लावलेली नव्हती.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. लहान नाव हलकी, बैल घराकडे ओढलेले, पुंजाजी नावेत मावेना म्हणून चालत. तेवढं एक सुख.

घरी आलो. बाबांनी लहान नावेभोवती एक फेरी मारली, मान हलवली, आणि हात पुढे केला. मी शीड दिलं, छाती काढून. त्यांनी ते अंगणात उलगडलं आणि घड्यांवर ते फाटत गेलं. जिथे दुमडलं होतं तिथे कापड करकर मोडत होतं, वाळल्या पानासारखं. बाबांनी टोक जिभेला लावलं आणि थुंकले.

“खारं,” म्हणाले. मग कापड खाली ठेवत, “नाव पाझरली का?”

“नाही.”

“मंग झालं.”

मी वाट पाहत होतो की ओरडतील. ओरडले नाहीत. यमुनाबाई ओट्यावरून सगळं पाहत होती. तिनं शीड नदीवर नेलं, धुतलं, जे मोडलं ते कापून टाकलं. उरलं ते लहान नावेलाही पुरेना. मग ती घरात गेली आणि डाळिंबी लुगडं नेसून आली, जवाहर गेटचं, जरीकाठाचं. दिवसभर त्यात स्वयंपाक केला, भांडी घासली, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोडून कात्रीनं मधोमध कापलं.

“अवं, नवंकोरं हाये ते!” पुंजाजी ओरडला.

“काल नेसली ना मी,” ती म्हणाली. “आता जुनं झालं.”

त्या पावसाळ्यात आमच्या नावेला अर्धं शीड मायचं होतं, अर्धं डाळिंबी. पलीकडून दिसायचं. पुंजाजी घाटावर येईनासा झाला. बाबा गेले, घाटही गेला, ती लहान नाव परसात कुजली. शिडाचा एक तुकडा माझ्या उशीखाली आहे. नातसून धुवायला मागते, मी देत नाही.

मागे नातवानं त्याच रस्त्यानं गाडीत नेलं. कडुनिंब नाहीत. फाटकाच्या जागी पूल. सगळं भुर्रकन गेलं. पूर्णेकाठी थांब म्हटलं तर म्हणाला, आजोबा, उशीर होतो. त्यांना सगळ्यांना उशीर होतो.

म्हणून तुम्हाला विचारतो. मूर्तिजापूरच्या उत्तरेला, पूर्णेच्या काठी, कोणाच्या आजीनं मोठ्या नावेसाठी शीड शिवलं होतं का? ती नाव किती वर्षं चालली ते नका सांगू, कुठे कुजली तेही नको. त्या बाईनं शिडाला कोणत्या रंगाचं लुगडं दिलं, तेवढंच कळवा. मी सगळ्या रंगांचं मनात धरून पाहतो आणि एकही पटत नाही. मी लिहायला उशीर केला, तुम्ही करू नका. लवकर कळवा.