अण्णांची अर्धी चावी

अण्णा फोन उघडताना सगळ्यांकडे पाठ करत. घरात बायको एकटी असली तरी भिंतीकडे तोंड. एकदा रेवदंड्याच्या जेट्टीवर त्यांना मला नातीचा फोटो दाखवायचा होता, पण चारही बाजूंना माणसं. अण्णा दोनदा जागच्या जागी फिरले आणि "मागाहून दाखवतो" म्हणत फोन खिशात घातला. ती नात आता शाळेत जाते. फोटो मी अजून पाहिलेला नाही.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. तिथल्या तिजोरीला दोन चाव्या लागत, एक मॅनेजरकडे आणि एक अण्णांकडे. दोघं समोर असल्याशिवाय ती उघडत नसे, आणि अण्णांचा सगळा स्वभाव त्या तिजोरीने घडवला होता. निवृत्तीनंतर ते आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कमिटीवर आले. सोसायटीचं अ‍ॅप मी सांभाळत असे. बोटींना बर्फाचे आणि डिझेलचे टोकन त्यावरूनच मेसेजने जात.

पहिल्याच दिवशी अण्णांनी विचारलं, "पोरी, या अ‍ॅपच्या चाव्या कुठं हायत?"

मी मोठ्या अभिमानाने दाखवल्या. डेटाबेसचा पासवर्ड, मेसेज पाठवणाऱ्या सेवेची की म्हणजे तिची गुप्त अक्षरं, सगळं प्रोग्रॅमच्याच फाइलमध्ये लिहिलेलं. विसरायला नको म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलेलं. ग्रुपमध्ये साठ जण, त्यात बर्फवाला आणि बर्फवाल्याचा मेहुणासुद्धा.

अण्णा खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "म्हंजे तू दाराला कुलूप लावलंस आणि चावी उंबऱ्यावर ठेवलीस. वर हळदकुंकू वाहून."

महिनाभर त्यांनी माझा पिच्छा पुरवला. मला रागही यायचा, कारण त्यांचं बरोबर होतं. शेवटी जुने पासवर्ड रद्द झाले आणि नवे क्लाउडवरच्या तिजोरीत गेले. आता अ‍ॅपला लागेल तेव्हा ते तिजोरीकडून मागून घेतं, माणसाच्या नजरेस काही पडत नाही, चाव्या दर तीन महिन्यांनी बदलतात, आणि कोणी कधी काय मागितलं याची नोंद राहते. नोंद राहते हे ऐकून अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

त्यांची एकच मागणी उरली होती. अडीनडीला तिजोरी उघडणाऱ्या मुख्य चावीचे, म्हणजे एका लांबलचक पासवर्डचे, दोन तुकडे करायचे. एक अण्णांकडे आणि दुसरा हसनचाचांकडे.

कमिटी हबकली. हसनचाचा म्हणजे दुबईहून परतलेले, दोन बोटींचे मालक, अण्णांचे शाळासोबती. ऑफिसातल्या पंख्याखालच्या खुर्चीत कोणी बसायचं यावरून दोघांत सहा वर्षं अबोला होता.

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "दुसरी चावी दोस्ताला द्यायची न्हाय. दोस्त म्हणतो, घे, तूच उघड. ज्याचं आपल्याशी पटत न्हाय, तो सोता येतो आणि डोळे फाडून बघतो."

पावसाळी मासेमारीबंदी उठली. बोटी निघायच्या त्याच सकाळी मेसेजच्या कीची मुदत संपली. नवी की तिजोरीत घालायची, एवढंच काम. पण माझा फोन आदल्या दिवशी खाडीत पडला होता, आणि फोनवर येणाऱ्या आकड्याशिवाय तिजोरी मला आत घेईना. टोकन बंद. जेट्टीवर बोटी खोळंबलेल्या, खलाशी माझ्या नावाने शिव्या घालताहेत. वर्षाची पहिली फेरी माझ्यामुळे बुडणार होती.

मुख्य चावीसाठी अण्णा आणि चाचा, दोघांना बोलावलं. अण्णांनी आपला तुकडा टाइप केला, तोवर चाचा कॅलेंडरकडे तोंड करून उभे. मग चाचांनी टाइप केला, अण्णा कॅलेंडरकडे. चूक.

"त्याला विचार, नीट टाकलं का," अण्णा मला म्हणाले.

"त्याला सांग, माझं बरोबर हाय. अल्लाकसम," चाचा मला म्हणाले.

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. पुन्हा टाकलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चुकलं की तिजोरी दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात अण्णा कॅलेंडरलाच म्हणाले, "हसन, चष्मा कुठाय तुझा?"

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. चाचा दिसायला रुबाबदार, चारचौघांत चष्मा लावत नसत. स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले, "घरी."

अण्णांनी मागे न बघता स्वतःचा चष्मा काढून हात मागे केला. चाचांनी तो लावला, एकेक अक्षर दाबलं, आणि तिजोरी उघडली. मला वाटलं, आता गळाभेट होणार. कसलं काय! ऑफिसला दार एकच, म्हणून चाचा बाहेर पडेपर्यंत अण्णा आत थांबले. चष्मा चाचांनी माझ्या हातून परत केला.

चार वर्षांनी अण्णा गेले. त्यांच्या मुलाने मला एक पाकीट आणून दिलं. आत त्यांचा तुकडा होता आणि बँकेच्या थाटातलं पत्र: "माझा तुकडा रद्द करून नवीन करावा व तो या मुलीकडे द्यावा. ती हसनची लाडकी आहे, एवढीच अडचण आहे." ही मुलगी म्हणजे मी; अ‍ॅपचं रोजचं काम तोवर माझ्याकडून दुसरीकडे गेलं होतं, म्हणून तुकडा मला ठेवता येत होता. मी चाचांना पत्र वाचून दाखवलं. ते लहान मुलासारखे रडले.

"चष्मा दिला त्याच संध्याकाळी मी त्याच्या दारात गेलो. म्हटलं, बस झालं, बोलू या," चाचा म्हणाले. "तर म्हणतो कसा, हसन, आपण बोललो तर चावी दुसऱ्याला द्यावी लागंल. मग ठरलं. रोज सकाळी नमाज झाली की जेट्टीवरच्या बाकावर यायचं. एका टोकाला तो, एका टोकाला मी. चार वर्षं बसलो. एक शब्द बोललो न्हाय."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"त्याचा तुकडा आता तुझ्याकडं ना?"

"हो, चाचा."

"मग उद्यापासून माझ्याशी बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेट्टीवर गेले. चाचा बाकाच्या एका टोकाला होते. मी दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चष्मा मात्र लावला होता.