उघड्या दाराची चाचणी

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात संघप्रिया कांबळे कामाला लागली आणि पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या डोक्याला ताप झाली. कारखाना गाड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक खोकी बनवायचा. एक खोकं कुलूप सांभाळणार, दुसरं वायपर. खोक्याच्या पोटात प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमनं नेमकं काय करायचं याची कलमवार यादी कागदावर. यादी वाचायची आणि खोकं तिच्याबरहुकूम वागतं का ते तपासायचं, एवढंच तिचं काम. पण ही पोरगी यादी वाचायची ती लग्नाच्या बैठकीत नवरीचा मामा वाचतो तशी, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"बझर पुरेसा मोठा वाजावा," असं कलम आलं की हिचा हात वर. "साहेब, पुरेसा म्हंजे किती?"

"दिवा लगेच लागावा." "लगेच म्हंजे किती, साहेब?"

मालक विजयसिंह साहेब मनानं राजा माणूस. पण कलमं लिहायचे ती जेवणाचं आवतण दिल्यासारखी, सगळं अघळपघळ. "अगं बाई, लगेच म्हंजे लगेच की," असं म्हणून ते फणकारायचे आणि मग मुकाट्यानं आकडा लिहायचे. दोन वर्षांत कारखान्यातल्या कागदांवरून 'पुरेसा', 'लगेच' आणि 'साधारण' हे शब्द हद्दपार झाले. गिऱ्हाइकाकडून परत येणारी खोकीही कमी झाली. साहेब हे कबूल करायचे, पण तिच्या माघारी.

तिला एकच गोष्ट सलायची. ती टेंपररी होती, आणि टेंपररी माणसाला चाचणीच्या कागदावर सही करायचा अधिकार नव्हता. राबायचं हिनं आणि खाली सही साहेबांची. तिचे वडील गणपती आप्पा कोडोली ते कोल्हापूर वडाप, म्हणजे भरेल तशी सुटणारी प्रवासी जीप, चालवायचे, आणि "माझी पोरगी गाड्यांची परीक्षा घेत्या" असं प्रत्येक पॅसेंजरला वाठार यायच्या आत सांगून मोकळे व्हायचे. एकदा एका पावण्यानं विचारलं, "मग तिचं नाव कुठं लिवत्यात?" आप्पांनी नुसताच गिअर टाकला. ते पाहून मागं बसलेल्या तिला रडू आलं होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. प्रवासी जीपसाठी दाराचा बझर. इंजिन चालू असताना दार उघडं असेल, तर दार लागेपर्यंत बझर वाजत राहायला हवा. साहेब म्हणाले, "सोमवारी पुण्याची माणसं येत्यात. खोकं पास झालं की तू कायम. सहीबी तुझी."

झालं. संघप्रियाचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं एका दमात सत्तावन्न चाचण्या लिहिल्या आणि सत्तावन्नच्या सत्तावन्न पास झाल्या. आनंदाच्या भरात तिनं साहेबांना विचारलं, "उद्या रविवार हाय. खोकं आप्पांच्या जीपला लावून बघतो की." साहेबही खुशीत होते. म्हणाले, "बघ, पण मोडू नगंस."

आता वडापची जीप म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. नऊ जणांच्या जागेत सतरा. ड्रायव्हरच्या उजव्या हातालासुद्धा एक जण, आणि मागच्या फळीवर तिघं उभे, म्हणून मागचं दार कायम सताड उघडं. आप्पांच्या जीपचं ते दार लागलेलं संघप्रियानं कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं अर्ध्या तासात तारा जोडल्या. आप्पांनी किल्ली फिरवली आणि बझरनं जो गळा काढला तो काढलाच. बयाबाई नावाची म्हातारी मांडीवर दोन कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती. तिच्या कोंबड्या फडफडायला लागल्या.

"गणपती, गाडीला काय चावलंय रं?"

"पोरीनं यंत्र लावलंय. गप बसा."

गप कोण बसतंय? एकानं बझरच्या ठेक्यावर टाळ्या धरल्या, मागच्या फळीवरच्या तिघांनी लेझमाचा पवित्रा घेतला आणि जीप नाचत डुलत अमृतनगरपर्यंत आली. तिथं बझर एकदम गप्प झाला. जीपमध्ये मोठा जल्लोष झाला. आप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आपल्या गाडीत भल्याभल्याचं डोकं ताळ्यावर येतंय."

संघप्रिया मात्र ताडकन उठली आणि छताला डोकं आपटून घेतलं. "आप्पा, गाडी थांबवा."

इंजिन चालू, दार उघडं, तिघं लोंबकळतायत आणि बझर चिडीचूप! दार लागलं की दबतं ते दाराचं बटण तिनं दाबून सोडलं. बझर परत सुरू. घड्याळ लावलं. चार मिनिटं पंधरा सेकंद झाली आणि तो परत मेला. तिसऱ्या वेळी अख्खी जीप तिच्याबरोबर मोठमोठ्यानं सेकंद मोजत होती, बयाबाईसकट. बझर नेमका त्याच घटकेला थांबला आणि सतरा माणसांनी पुन्हा आरोळी ठोकली. संघप्रियाही पोट धरून हसली. मग तिला सोमवार आठवला.

खोक्यातला प्रोग्रॅम बझर किती सेकंद वाजला ते मोजायचा. त्याची मोजणी दोनशे पंचावन्नला, म्हणजे सव्वाचार मिनिटांना, भरायची आणि पुढच्या सेकंदाला शून्यावर यायची. शून्य म्हणजे दार लागलं, अशी त्याची समजूत. कारखान्यात हे कुणाला कळलं नाही, कारण तिच्या चाचणीतच लिहिलं होतं, 'दार उघडा, दहा सेकंद थांबा, लावा.' दहाच का? तर अकराव्या सेकंदाला सगळा कारखाना "बंद कर ते" म्हणून ओरडायचा. साऱ्या जगाला 'किती' विचारणाऱ्या बाईनं, दार किती वेळ उघडं राहील, हे स्वतःला विचारलंच नव्हतं. तेही गणपती वडापवाल्याच्या लेकीनं!

सोमवारी सकाळी तिनं साहेबांना गाठलं.

"चार मिनिटं दार कोण उघडं ठेवतंय?" साहेब म्हणाले.

"आमचं आप्पा. पंधरा वर्सं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "आज गप ऱ्हा. पास होऊ दे, मागनं गुपचूप दुरुस्त करू. तुझी कायमची ऑर्डर हाय ह्या खिशात." खिशातून कागदाचं टोक दिसतही होतं.

पुण्याच्या कंपनीकडून मोना मॅडम आल्या होत्या. त्यांनी सत्तावन्न चाचण्या पाहिल्या, मान डोलावली आणि फाइल मिटता मिटता सहज विचारलं, "तपासायचं काही राहिलंय?"

साहेब पंख्याकडे बघायला लागले. आत्ता गप्प बसलं की झालं, हे संघप्रियाला कळत होतं. ती उभी राहिली.

"व्हय मॅडम, एक ऱ्हायलंय. चाचणी मीच चुकीची लिवली."

मग तिनं खोकं चालू केलं आणि त्या बंद खोलीत सव्वाचार मिनिटं बझर वाजला. मॅडमनी कानात बोटं घातली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि बझर गप्प झाला.

"हे तुम्हाला सापडलं कसं?" मॅडमनी विचारलं. संघप्रियानं वडाप, लेझीम आणि कोंबड्या, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "खोकं नापास. पंधरा दिवसांनी परत येते. या आणि पुढच्या प्रत्येक कागदावर सही यांचीच हवी."

"ती टेंपररी हाय, मॅडम," साहेब पुटपुटले. "तिला सही करता येत न्हाय."

"मग ते तुम्ही बघा."

साहेबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा संघप्रियाकडे, आणि खिशातला कागद तिच्यापुढे टाकला. "घे बाई. तुझ्यापुढं कोण टिकतंय?"

संध्याकाळी ती शिरोलीच्या नाक्यावर आप्पांच्या जीपमध्ये चढली.

"पास झालं?" आप्पांनी लगेच विचारलं.

"नापास झालं, आप्पा. मीच केलं." आणि तिनं अहवालाची झेरॉक्स पुढे धरली.

आप्पांनी भरलेली जीप कडेला घेतली. वरचं इंग्रजी त्यांना कळेना. सही मराठीत होती, तिच्यावर बोट ठेवून ते एकेक अक्षर जुळवत गेले. संघप्रिया गणपती कांबळे. मधल्या नावावर बोट थांबलं.

"ह्यात माझंबी नाव हाय की गं," आप्पा म्हणाले, आणि मागचे पॅसेंजर ओरडत होते तरी त्यांना गिअर काही टाकता येईना.