भिवाजीच्या दोन कैच्या

भिवाजीचं आणि माझं घर सौंसरला एकाच भिंतीचं. भिंतीपलीकडून दिवसभर त्याच्या येरझाऱ्यांचा आवाज यायचा. जेवता जेवता उठायचा, चहाचा कप घेऊन अंगणात जायचा, तिथला लोखंडाचा तुकडा उचलून इकडून तिकडे ठेवायचा, तोवर चहा गार. एकदा आम्ही दोघं जामसांवळीला दर्शनाला गेलो, तर हा गृहस्थ रांगेत मान वर करून मंडपाचं छत न्याहाळत होता. मारुतीपुढे हात जोडले, पण डोळे वरच. मी चिमटा काढला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, सारं वेल्डिंग केलं हाये. उद्या मंडप वाढवाचा झाला तं कापा लागन." देवसुद्धा ऐकत असेल तर हसला असेल.

पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप होतं. दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या आणि मुख्य म्हणजे छपराच्या कैच्या. कैची म्हणजे टिनाच्या पत्र्यांना खालून उचलून धरणारा, लोखंडी पट्ट्यांचा म्हणजे अँगलचा तिकोना. बाकीचे सगळे कैची वेल्ड करून मोकळे होत. हा छिद्रं पाडून नट-बोल्टनं जोडायचा. वेळ दुप्पट, मेहनत दुप्पट आणि गिऱ्हाइकाच्या शिव्याही दुप्पट.

"वेल्डची कैची उतरवली का भंगार," तो म्हणायचा. "मंग भट्टीत टाका, कोयसा जाळा, पुन्हा थोच अँगल बनवा. बोल्टची कैची पान्यानं उघडते आन् दुसऱ्या घरावर चढते. काहून जाळाचं मंग?" उरलेले तुकडेही फेकायचा नाही, त्यांच्या जाळ्या करायचा. त्यामुळे माझ्या घराच्या एकाही खिडकीची नक्षी दुसरीशी जुळत नाही. सासुरवाडीची माणसं विचारतात, मी विषय बदलतो.

आणि याच माणसाच्या स्वैपाकघरावर मातीचे कवेलू, म्हणजे कौलं होती. दर उन्हाळ्यात कवेलू उतरवून नव्यानं फेरायचे आणि दर उन्हाळ्यात संत्र्याच्या बागांतून माकडांची टोळी येऊन त्यांचा चुरा करायची. त्याची बायको कमलवहिनी भाजी फोडणीला टाकायच्या आणि वरून मातीचा खडा कढईत पडायचा. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच मागणं होतं. "लोकायच्या डोक्यावर टिनं आन् माह्या डोक्यावर माकडं," त्या भिंतीवरून मला ऐकवायच्या. भिवाजी म्हणायचा, "यंदा करतोच." ते यंदा काही उगवत नव्हतं. मला त्याचा संताप यायचा.

बोरगावला कारखाने येऊ लागले, तेव्हा त्याला एका मोठ्या शेडचं काम मिळालं. मालक बाहेरचा होता. इतक्या रुंद कैच्या भिवाजीनं आयुष्यात केल्या नव्हत्या. तो वाळला, काळवंडला, पण काय त्याचा आनंद! शेड उभी राहिली आणि त्याच सुमारास लोधीखेड्याकडे कुणाच्या तरी छपराचे नट चोरांनी काढून नेल्याची बातमी आली. आपल्याकडे त्यावर एकच इलाज असतो. हातपंप असो की शाळेचं फाटक, नटाला वेल्डिंगचा टाका मारून टाकायचा, म्हणजे तो फिरतच नाही. मालकानं सांगितलं आणि भिवाजीनंही मान डोलावली. त्याचा मेहुणा उत्तम शिडीवर चढला आणि एकेका नटाला टाका मारत गेला.

कारखाना जेमतेम दोन वर्षं चालला. सरकारी सवलत संपली तसा मालक गेला, तो परत आलाच नाही. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती शेड पांढुर्ण्याच्या गुणवंता भंगारवाल्यानं घेतली. हे भिवाजीला कळलं. माझ्याकडे यायचा, बसायच्या आत उठायचा. "गुरुजी, कापून टाकनार हाये थे. साबूत कैच्या, आन् तुकडे करून भट्टीत!" शेवटी मीच त्याला पांढुर्ण्याच्या बसमध्ये ढकललं.

गुणवंता भला माणूस. म्हणाला, "उद्या दुपारी माहे गॅसकटरवाले येतेत. थे यायच्या आंधी जितक्या साबूत उतरवशीन, तितक्या भंगाराच्या भावानं तुह्या."

दुसऱ्या दिवशी रविवार, माझ्या शाळेला सुट्टी होती. सकाळीच भिवाजी, उत्तम आणि मी बोरगावला पोचलो. डबा घेऊन कमलवहिनीही आल्या. भिवाजी माकडासारखा वर चढला, पाना लावला, जोर केला. नट हलेना. दुसरा नट, तोही हलेना.

"उत्तम! यायले टाके कोनं मारले?"

"मीच मारले जी. तुमीच तं सांगतलं होतं," उत्तम खालून म्हणाला.

भिवाजीचा चेहरा असा उतरला की मला खाली बघावं लागलं. मग त्यानं छन्नी मागितली. एकेक टाका छन्नी-हातोडीनं फोडायचा आणि मग नट फिरवायचा. घाम डोळ्यांत जात होता, हातोडी बोटांवर बसत होती. आम्ही खालून दोर धरून होतो. गॅसकटरवाले आले तेव्हा दोनच कैच्या जमिनीवर होत्या. तिसरीचे टाके तो फोडतच होता. त्यांच्या पोरांनी त्याला हाताला धरून खाली आणलं आणि वर ज्योत लावली. कैची मोडून धाडकन पडली. भिवाजी तोंड फिरवून रडला.

दोन कैच्या ट्रॅक्टरवर घालून आणल्या. "दोनच तं पाह्यजेत माह्या चुलीवर," कमलवहिनी म्हणाल्या. किती खूश होत्या त्या!

पण कैची रुंद आणि घर अरुंद. बोल्ट उघडून लहान करून जोडता आली असती, पण त्यासाठी लांब अँगल कापणं भाग होतं आणि तिथंच घोडं अडलं. भिवाजी रोज माप घ्यायचा. कैचीभोवती फिरायचा, पुन्हा माप घ्यायचा. तेवढ्यात कापसाच्या जिनिंगचा एक मालक येऊन दोन्ही कैच्या जशाच्या तशा मागून गेला. भिवाजी मला म्हणाला, "साबूत लागन तं जीव ठंडा होईन, गुरुजी." मी म्हटलं, "आणि वहिनींचा जीव?" तो उठून गेला.

वैशाखात माकडं आली. त्या दिवशी चुलीवरच्या गंजात, वरणाच्या पातेल्यात, अर्धा कवेलू पडला. अंगणातून लोखंड कापायची आरी कर्रकर्र वाजू लागली तेव्हा मी भिंतीवरून डोकावलो. वहिनी अँगलवर पाय रोवून बसल्या होत्या. भिवाजी धावत आला.

"काय करून राहिली तू?"

"कापून राहिली. तुमी लोकायचं लोखंड वाचवता. याच्याखाली मी रांधलं तं थे वाया गेलं का?" त्यांनी आरी पुन्हा ओढली. "माही चूल कोन्या भट्टीत गेली मंग, सांगा!"

भिवाजी फाटकापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. आरी चालूच होती, आणि तिरपी चालली होती. तो मध्येच वाकला, वहिनींचा हात थांबवला, खडू काढला आणि त्यांच्या खुणेपासून चार बोटं बाहेर रेघ मारली.

"माह्यानं नाई होत. तूच काप," तो म्हणाला. त्यानं अँगल दोन्ही हातांनी दाबून धरला. "पन एथून काप. टिन भिंतीच्या बाहेर आलं पाह्यजे, मंग पानी चुलीपासून दूर पडन."